एकदांडीपाशी अर्धा तास

गेल्या वर्षी आमच्या गृहसंस्थेमागील मोकळ्या जागेत तणनाशक फवारले गेले. त्या बिलावर खजिनदार म्हणून मीच स्वाक्षरी केली होती. बँकेतील नोकरीत हजारो कागदांवर केली, तेवढ्याच सहजतेने. यंदा पावसाने उघडीप देताच तेथे एकदांडी पुन्हा उगवली आणि सकाळच्या फेरफटक्यानंतर मी वही घेऊन तिच्यापाशी अर्धा तास बसू लागलो.

एकदांडी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. आता मात्र आपल्याकडे रस्तोरस्ती आढळते. उंच दांड्याच्या टोकाला नखाएवढे एकच फूल, आणि तेही वस्तुतः अनेक इवल्या फुलांचा गुच्छ. ऊन चढू लागले, की तेथे वर्दळ सुरू होते. फुलोरी माशी येते. तिच्यामागून तसेच पट्टे ल्यालेली, हवेत एकाच जागी स्थिर राहणारी दुसरी माशी येते. आरंभी मी दोघींची नोंद एकाच खात्यात करीत असे. निरखल्यावर उमगले, की मधमाशीला पंख चार, हिला दोनच. नांगी तर हिला नाहीच. केवळ पोशाखाच्या धाकावर ती स्वतःचे रक्षण करते.

एके दिवशी फुलोरी माशी फुलावरून बराच वेळ हलेना. वाकून पाहिले, तो एका खेकडा कोळ्याने तिला धरले होते. हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. पुढचे लांब पाय पसरून फुलावरच दबा धरतो. त्याच्या काही जाती फुलाला साजेसा पांढरा वा पिवळा रंगही काही दिवसांत धारण करतात. मी काडी उचलली. परंतु माशी निश्चल झाली होती. आता कोळ्याचा घास हिरावून कोणती दया साधणार होती? काडी खाली ठेवली.

घरी परतताना मन अस्वस्थ होते. एका माशीसाठी थबकलेला हा हात त्या बिलावर मात्र थबकला नव्हता. माशी आणि कोळी दोघांनाही पोसणारे फूलच आम्ही तेव्हा नाहीसे केले होते.

परवाच्या सभेत मी ठराव मांडला: फवारणी नको, बी झडल्यावर गवत कापावे. सापांची भीती पुढे आली, ती अनाठायी नव्हती. अखेर पायवाटेच्या दोन्ही कडा स्वच्छ ठेवण्याच्या अटीवर ठराव संमत झाला.

वाचकहो, आपल्याही कुंपणापाशी एखादी एकदांडी असेल. ती उपटण्यापूर्वी अर्धा तास तिच्यापाशी अवश्य बसावे.