घरी जायची घाई

आमच्या गल्लीतल्या विडी कामगार वहिनींनी बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी घरी जायचा हट्ट धरला. हजार विड्यांची मजुरी बुडते ना! आम्ही म्हणालो, वहिनी, साधे बाळंतपण असले तरी 48 तास थांबा. बाळाची कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसते. बाळ अंगावर नीट पिते का, लघवी-शी होते का, आईला ताप किंवा जास्त रक्तस्राव नाही ना, हे पाहूनच निघावे. सरकारी दवाखान्यात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात जेवण, औषधे, घरी सोडायची गाडी फुकट. फुकट कसली, हक्काची! बाळंतिणीच्या पगारी रजेसाठी बाबासाहेब 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात बोलले होते.

वहिनी थांबल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ पिवळे दिसले; डॉक्टरांनी लगेच निळ्या दिव्याखाली ठेवले.