पंचविशी ओलांडलेला खेळ, पन्नाशीतले खेळाडू

ऑनलाइन खेळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलमध्ये मान घालून बसलेला बारा-चौदा वर्षांचा मुलगा उभा राहतो. पालकांच्या तक्रारी त्याच वयाविषयी असतात आणि या विषयावरचे आरोग्यलेखही बहुधा त्यांनाच उद्देशून लिहिले जातात. आज मात्र एका वेगळ्या वयोगटाविषयी लिहावयाचे आहे. ज्यांनी ऐन पंचविशीत एखाद्या ऑनलाइन खेळात प्रवेश केला, नोकरी, लग्न, मुलेबाळे, आईवडिलांची आजारपणे हे सारे सांभाळत तो सोडला नाही आणि आज ज्यांच्या कीबोर्डशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते, अशा खेळाडूंविषयी.

उदाहरणादाखल ‘एव्हरक्वेस्ट’ हा अमेरिकी खेळ घेऊ. १६ मार्च १९९९ रोजी तो सुरू झाला आणि पंचविशी उलटूनही चालूच आहे. संगणकाच्या पडद्यावर एक काल्पनिक जग असते. खेळणारा त्यात एक पात्र धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी मंत्र घालणारा, कोणी जखमा बऱ्या करणारा. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या जगात वावरत असतात. एकट्याने फारसे काही साधत नसे, म्हणून सहा जणांचा गट करावा लागे आणि मोठ्या मोहिमेला तर कित्येक डझन माणसे जमवावी लागत. अशा कायम एकत्र खेळणाऱ्यांच्या मंडळाला ‘गिल्ड’ म्हणतात.

या खेळाची जुनी रचना मोठी संथ होती. एक लढाई झाली की मंत्रशक्ती भरून येईपर्यंत पात्राला स्वस्थ बसवून ठेवावे लागे. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्यासाठी गलबताची वाट पाहावी लागे. पात्र मेले तर त्याचे सारे सामान मृतदेहापाशीच राही आणि ते परत आणण्यासाठी सोबत्यांची विनवणी करावी लागे. या सक्तीच्या प्रतीक्षेत माणसे काय करीत? कीबोर्डवर टंकून एकमेकांशी बोलत. कोणाची नोकरी गेली, कोणाला मुलगी झाली, कोणाच्या वडिलांची शस्त्रक्रिया आहे, हे सारे त्या फावल्या वेळात कळे. आपल्याकडे पारावर किंवा सोसायटीच्या बाकावर जे घडते तेच येथे घडले. माणसे जमली खेळासाठी आणि टिकली एकमेकांसाठी.

निक यी या संशोधकाने २००० ते २००३ या काळात अशा खेळांच्या सुमारे ३० हजार खेळाडूंकडून माहिती गोळा केली. त्यांचे सरासरी वय २६ च्या आसपास होते आणि ते आठवड्याला सरासरी २२ तास खेळत. त्यांच्यापैकी जे अजून खेळतात ते आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर वा त्यापलीकडे आहेत. त्यांची ओढ ओळखून कंपनीने २००६ पासून वेळोवेळी खेळ त्याच्या जुन्या रूपात पहिल्यापासून सुरू करून दिला. २००९ मध्ये काही चाहत्यांनी स्वतःच १९९९ चे जग पुन्हा उभे केले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ च्या लोकप्रिय खेळाची जुनी आवृत्तीही २०१९ मध्ये परत आली. खेळ असा १९९९ सालात मागे नेता येतो. मनगट, मणका आणि झोप मात्र नेता येत नाही. वैद्यकाचा संबंध येथे येतो.

शरीराचे हिशेब

पहिला प्रश्न बैठकीचा. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे आकुंचन पावून पायातील रक्त वर ढकलतात. तासन्‌तास न हलता बसले की हा पंप थांबतो आणि खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दिवसदिवस संगणकापुढे बसणाऱ्या ३२ वर्षांच्या एका पुरुषाच्या पायात अशी गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत पोहोचल्याची नोंद न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली आहे. वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग यांमुळे हा धोका आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे व गरम लागणे, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ येणे, ही लक्षणे दिसताच मोहीम अर्धवट सोडून रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रश्न औषधे आणि जेवण यांच्या वेळांचा. मोठ्या मोहिमेत चाळीस-पन्नास माणसे अवलंबून असताना जागेवरून उठणे खेळाडूला विश्वासघात केल्यासारखे वाटते. मग पाणी पिणे टळते, लघवी रोखली जाते, जेवण तासभर पुढे जाते. पंचविशीत हे खपून जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने औषध घेऊन जेवण लांबवले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, धडधड, विचारांत गोंधळ ही तिची लक्षणे खेळाच्या उत्तेजनेतही जाणवतात, त्यामुळे ती ओळखू येत नाहीत. अशा व्यक्तीने आधी जेवावे, मग खेळावे आणि साखर हाताशी ठेवावी.

तिसरा प्रश्न डोळे आणि मान यांचा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. चष्म्याच्या भिंगाचा खालचा भाग वाचनासाठी असतो; पडदा मात्र डोळ्यांसमोर असतो. त्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलून, मान मागे टाकून बसण्याची सवय लागते आणि मग मानदुखीवर मलमे चोळली जातात. पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला किंवा पडदा थोडा खाली घेतला, तर अनेकांची मान सुटते. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी काही क्षण दूरवर पाहावे. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातील शीर दाबली जात असल्याची शक्यता असते. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांत हे अधिक आढळते.

चौथा प्रश्न झोपेचा, आणि तो भूगोलाशी निगडित आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यातील रात्री नऊला सुरू होणारी मोहीम लंडनमध्ये पहाटे दोनला आणि आपल्याकडे सकाळी साडेसहाला येते. कोणाची झोप जाते, कोणाचे सकाळचे फिरणे जाते. वाढत्या वयात झोप तशीही उथळ होते. तिच्यावर रोजचे जागरण लादले की रक्तदाब, साखर आणि मनःस्थिती तिन्ही बिघडतात. सोयीच्या वेळी खेळणारे मंडळ निवडणे, हा येथे औषधाइतकाच मोलाचा उपाय आहे.

वयाबरोबर हात मंदावतात, हेही खरे. ‘स्टारक्राफ्ट २’ या डावपेचांच्या खेळातील १६ ते ४४ वयाच्या ३३०५ खेळाडूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसादाचा वेग चोविशीपासूनच उतरू लागतो, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की थोराड खेळाडू सोप्या युक्त्या व सोपे मार्ग वापरून ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात. तेव्हा वेग कमी झाला म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही.

व्यसन की सोबत?

कुटुंबीयांचा ठरलेला प्रश्न असतो, “डॉक्टर, हे व्यसन नव्हे काय?” जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराची नोंद केली असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात किती तास खेळल्यावर विकार म्हणावे असा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व आवडींहून व दैनंदिन कामांहून खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, ही तीन लक्षणे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसली आणि त्यांनी जगणे विस्कळीत केले, तरच हे निदान होते. ज्याने नोकरी टिकवली, जो घरच्यांशी बोलतो, वेळेवर तपासणीला येतो आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी जुन्या सोबत्यांबरोबर खेळतो, तो रुग्ण नव्हे.

दुसऱ्या पारड्यात एकाकीपणा आहे. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे सांगणारे निवेदन काढले. जगातील सहापैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये नमूद केले. ज्याचा जोडीदार गेला, मुले दूर गेली, गुडघ्यांनी जिना नाकारला, त्याला ठरलेल्या वेळी नावाने हाक मारणारी माणसे असणे ही साधी गोष्ट नाही.

नॉर्वेच्या मॅट्स स्टेनची हकीकत या संदर्भात आठवते. ड्युशेन या स्नायूंच्या आजाराने तो चाकांच्या खुर्चीला खिळला होता आणि २०१४ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. आपला मुलगा खोलीत एकटाच खेळत आयुष्य घालवून गेला, असे आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी इंटरनेटवर निधनाची वार्ता दिली आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. त्याने कोणाला कसा धीर दिला, कोणाला घरच्यांशी बोलते केले, हे आईवडिलांना तेव्हा प्रथमच कळले. काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले. २०२४ मध्ये या आयुष्यावर माहितीपटही प्रदर्शित झाला. मॅट्स तरुण होता. परंतु त्याच्या घरच्यांना जे उशिरा कळले, ते पन्नाशी-साठीच्या खेळाडूंच्या कुटुंबांनी वेळेत जाणून घ्यावे असे आहे.

आवाज ओळखणारे, पत्ता न जाणणारे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आज असे खेळ खेळताना बरेच जण कानांवर हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. एकट्या राहणाऱ्या एखाद्या खेळाडूचे बोलणे अचानक अडखळू लागले, शब्द जड पडू लागले, तर ते सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात येईल? वीस वर्षे तो आवाज ऐकणाऱ्या सोबत्यांच्या. अचानक बोबडे बोलणे, चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात लुळा पडणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पण सोबत्यांना ठाऊक असते ते केवळ पात्राचे नाव. रुग्णवाहिका कोणत्या शहरी, कोणत्या दारी पाठवायची? शिवाय आपत्कालीन क्रमांक त्या त्या देशापुरतेच असतात. पुण्यातून १०८ फिरवून शिकागोत रुग्णवाहिका जात नाही.

नेहमी नियमाने येणारा खेळाडू चार दिवस आला नाही, ओळखीच्या वाटेवर वरचेवर चुकू लागला, पाठ असलेली आपली भूमिका विसरू लागला किंवा गप्प गप्प राहू लागला, तर हे बदलही सोबत्यांना आधी जाणवतात. त्यांमागे नैराश्य असू शकते, औषधांचा दुष्परिणाम असू शकतो, स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. ही निरीक्षणे घरच्यांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची वाट असली पाहिजे.

म्हणून अशा खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबांना काही सूचना :

१. अनेक वर्षांच्या ओळखीच्या एका-दोघा विश्वासू सोबत्यांपाशी आपले खरे नाव, पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन देऊन ठेवावा. बँकेचा तपशील, ओटीपी, ओळखपत्रे मात्र कोणालाही देऊ नयेत. वयस्कर एकाकी माणसे फसवणाऱ्यांचे सोपे लक्ष्य असतात.

२. “मला काही झाले तर यांना कळवा” अशी यादी कागदावर लिहून घरच्यांना द्यावी. तीत खेळाचे, मंडळाचे आणि आपल्या पात्राचे नाव असावे.

३. तासातून एकदा उभे राहून चार-पाच मिनिटे चालावे. सारे मंडळ समवयस्क असेल तर मोहिमेत सर्वांसाठीच विश्रांतीची वेळ ठरवावी. मग कोणाला संकोच उरत नाही.

४. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, हा प्रौढांसाठीचा नियम खेळाडूंनाही लागू आहे. साठी-पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

५. तपासणीच्या वेळी आपण किती वेळ आणि केव्हा खेळतो, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

परदेशी असलेला भाऊ, आतेभाऊ किंवा शेजारच्या खोलीतले वडील रात्री हेडफोन लावून कोणाशी तरी हसत बोलत असतील, तर “अजून किती वेळ?” हा प्रश्न जरूर विचारावा. त्याआधी मात्र “आज कोण कोण आहे सोबत?” असे विचारावे. मिळालेली नावे लक्षात ठेवावीत. आपल्या माणसाच्या प्रकृतीची खबर प्रसंगी तेथूनच येणार आहे.