चाकांवरची चूल

निवृत्त होणाऱ्या माणसाला आपल्याकडे शाल मिळते, श्रीफळ मिळते आणि एक प्रश्न मिळतो. शाल कपाटात जाते, श्रीफळाची चटणी होते. प्रश्न मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर समोर येऊन बसतो. 'आता पुढे काय?' पूर्वीच्या मंडळींना हा प्रश्न छळत नसे. त्यांचे उत्तर ठरलेले असे, ते म्हणजे काशीयात्रा. मुलांच्या हाती कारभार द्यायचा, साऱ्या गावाने वेशीपर्यंत पोचवायला यायचे, बायकांनी डोळ्यांना पदर लावायचे आणि म्हाताऱ्याम्हातारीने निघायचे. दोघे सुखरूप परतली, तर गंगेची पूजा करून गावाला मावंदे घालायचे. न परतली, तर त्यांना पुण्य आणि मुलांना जमीन, असा सरळ हिशेब होता.

आता काशीला जाऊन आठवड्याच्या आत परतता येते. वेशीचे सोडा, फाटकापर्यंतही कोणी पोचवायला येत नाही. त्यामुळे निवृत्त मंडळींच्या मनाने अलीकडे एक नवी काशी शोधून काढली आहे. तिला कोणी कॅरव्हॅन म्हणतात, कोणी मोटार-होम म्हणतात. आपण आपली 'घरमोटार' म्हणू या. मोठ्या मोटारीच्या पोटात दोन बिछाने, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी, लहानसा फ्रीज, पडद्याआड शौचालय आणि छतावर उन्हातून वीज घेणारी काच. मन होईल तेथे थांबावे, मन होईल तेव्हा निघावे. हॉटेलवाल्याचे तोंड पाहायला नको, की परतीच्या आरक्षणाची चिंता नको. ऐकणाऱ्याला आजच राजीनामा द्यावासा वाटावा!

ही हौस तशी जुनी आहे. अमेरिकेत १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडॉ' नावाची एक मोटार काढली. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना होई आणि हात धुण्याचे भांडे, मलपात्र असा संसारही तीत होता. पुढे १९६० साली जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराने एका ट्रकवर खोली चढवून सुमारे दहा हजार मैलांचा अमेरिकेचा फेरा मारला. डॉन किहोटेच्या घोड्याचे 'रोसिनान्टे' हे नाव त्याने आपल्या ट्रकला दिले होते. घरून निघताना त्याच्याबरोबर पत्नी नव्हती, चार्ली नावाचा कुत्रा होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडेही वारे पोचले आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात अशा गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज यांची सोय असलेल्या जागांची कल्पना मांडली आहे. आणि घरमोटारीवाचून काही अडते असेही नाही. मुंबईच्या एका त्र्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी २०१७ साली पत्नी आणि दहा वर्षांची नात यांना घेऊन साध्या मोटारीने थेट लंडन गाठले. ७२ दिवसांत १९ देश ओलांडले. तेव्हा वय आडवे येते, ही सबब आता कोणी सांगू नये.

आमच्या चांदूर बाजारच्या माणसाला तर या कल्पनेत नवल वाटण्याचे कारणच नाही. (आमचे चांदूर बाजाराचे, रेल्वेचे नव्हे. मुंबई-नागपूर मार्गावरच्या चांदूरला उतरून आमचा पत्ता विचारणारे पाहुणे आम्हांला ठाऊक आहेत. आमच्याकडे रेल्वे आली ती या शतकात, नरखेड-अमरावती मार्गाने.) याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम आहे. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर भैरवाचे हे ठाणे लागते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे महिन्याहून अधिक काळ, तेथे जत्रा भरते. पूर्वी शेतकरी कुटुंबे बंड्या जुंपून तिकडे निघत. बंडीला तट्ट्या बांधलेला, आत गादी-वाकळ, पिठाचे डबे, तेल-तिखट, पोरेबाळे. बैलांसाठी कुटार आणि ढेप. खाली लोंबणारा कंदील. मुक्कामाला राहुट्या ठोकायच्या, बैल सोडायचे, आणि थंडीत शेकोटीभोवती चार-चार, आठ-आठ दिवस राहायचे. ही घरमोटार नव्हे तर काय? फरक इतकाच, की आमच्या वाहनाला पेट्रोल लागत नसे आणि ते रात्री रवंथ करी.

असो. तर आमच्या परिचयाचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून सुटले, प्रॉव्हिडंट फंड हाती आला आणि त्यांना घरमोटारीने पछाडले. एके दिवशी बाजेवर भारताचा नकाशा पसरून, लाल पेन्सिलीने कन्याकुमारीपर्यंत रेघ ओढून, ते बाईंना योजना समजावून सांगत होते. आम्ही साक्षीदार होतो. बाईंनी गवार निवडता निवडता सारे ऐकून घेतले आणि विचारले,

"अहो, त्या मोटारीत चूल हाये?"

"आहे ना! दोन शेगड्यांची!" मास्तर अभिमानाने म्हणाले.

"भांडे घासाची मोरी?"

"तीही आहे."

"मंग मले नवं काय दाखवता? मी त चाळीस वर्सं ह्याच सफरीवर हाये."

मास्तरांची लाल पेन्सिल हैदराबादच्या आसपास थबकली.

वाचकहो, हसून सोडून देण्याजोगे हे उत्तर नाही. आपल्या घरातला पुरुष अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो. बाई कधी होते? तिच्या निवृत्तीचा समारंभ आपण पाहिला आहे का? तिला शाल-श्रीफळ मिळाले असेलच तर साहेबांच्या शेजारी बसल्याबद्दल. नोकरी करणारी असेल, तर तिला दोन नोकऱ्यांपैकी एकीतूनच सुटका मिळते. काशीयात्रेला गेलेली म्हातारीदेखील तीन दगड मांडून वाटेत स्वयंपाकच करीत होती. म्हातारा तेवढ्या वेळात स्नानसंध्या उरकी. मग घरमोटार म्हणजे काय झाले? पुरुषाच्या दृष्टीने घर हलले. बाईच्या दृष्टीने घर पाठीमागे लागले! ओटा दीड हात झाला, पाणी मोजून वापरायचे आले, आणि खिडकीबाहेर समुद्र असला तरी तिची पाठ समुद्राकडे. स्टाइनबेकच्या पत्नीने त्याच्याबरोबर त्या ट्रकात प्रस्थान ठेवले नाही, यात आम्हांला तरी मोठा शहाणपणा दिसतो.

पण बाईंचा प्रश्न तेवढ्यावर संपला नव्हता. दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला.

"आन् संडास हाये म्हणता?"

"आहे," मास्तर संकोचून म्हणाले. असल्या गोष्टी नकाशावर दाखवता येत नाहीत.

"खरंच? कवाबी जाता येते?"

"केव्हाही."

"मंग आपण इचार करू."

या एका प्रश्नात आपल्या बायकांच्या प्रवासाचा सारा इतिहास आहे. लांबच्या प्रवासाला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही, हे किती घरांतल्या पुरुषांना ठाऊक असते? एस. टी. थांबते, पुरुष उतरतात, दोन मिनिटांत मोकळे होतात आणि चहा मागवतात. बाई खिडकीशी बसून राहते. साठीनंतर गुडघे वाकत नाहीत, मधुमेह असतो, तासातासाला उठावे लागते. मग ती म्हणते, 'तुम्ही जाऊन या, मला प्रवासाची आवड नाही.' आपण ते खरे धरतो! १९०९ साली बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाची गाडी शौचाला उतरला असताना सुटली. त्याने साहेबाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत संतापाचे पत्र धाडले आणि त्यावरून रेल्वेच्या खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली, असे सांगतात. एका पुरुषाची फजिती झाली तेव्हा सरकारला जाग आली. बायकांच्या फजितीचे पत्र कोणी लिहिलेच नाही.

तेव्हा घरमोटारीतली शेगडी ही बाईच्या दृष्टीने बेडी, आणि शौचालय हे स्वातंत्र्य. एकीपायी दुसरे सोडावे का? आमचे मत, सोडू नये. कामे वाटून घ्यावीत. आणि ती कशी वाटावीत याचा धडा परदेशातून आणायला नको. तो आमच्या बहिरमलाच आहे. जत्रेत रोडगे होतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या तिखट भाजीबरोबर नि वरणाबरोबर खायचे. आमच्याकडे हे आरापुढचे काम बहुधा पुरुषच करतात. मटणाची हंडी लागली तर तीही तेच ढवळतात. एरवी घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारा गडी उघड्यावर आला की धोतर खोचून विस्तवाशी बसतो, आणि आपल्या रोडग्याची तारीफ स्वतःच करतो. वऱ्हाडचा हा जुना कायदा आहे: चूल घराबाहेर पडली, की ती पुरुषाची. घरमोटारीलाही तोच लावावा. मोटारीची किल्ली ज्याच्या हातात, पळी त्याच्या हातात. आणि बाई मोटार चालवणारी असेल, तर एक दिवस किल्ली तिची आणि एक दिवस पळी.

राहिले शौचालयाचे काम. त्याच्याखाली एक बंद टाकी असते. दोन-चार दिवसांत ती भरते आणि योग्य जागी नेऊन रिकामी करावी लागते. माहितीपत्रकातल्या चित्रांत सूर्यास्त असतो, ही टाकी नसते. ती ओढ्यात ओतायची नाही आणि ढाब्यावरच्या एखाद्या पोराच्या हातावर नोट ठेवून त्याच्याकडून करवूनही घ्यायची नाही. माणसाला मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने तर बंद केले आहेच. पण कायदा नसता तरी आपली घाण दुसऱ्याने उचलावी ही सवय निवृत्तीबरोबर टाकून द्यावी अशीच आहे. येथे आम्हांला आमच्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा आठवतात. शेंडगावला १८७६ साली जन्मलेला हा माणूस जन्मभर फिरत राहिला. हातात काठी, डोक्यावर गाडगे, आणि गावात शिरला की आधी खराटा. दिवसा गावची घाण झाडायची आणि रात्री कीर्तनात माणसांच्या मनातली. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. आमच्या तालुक्यातून अमरावतीला जाताना वलगाव लागते. तेथून जाणाऱ्या घरमोटारवाल्याने आपल्या टाकीला आपण हात लावायला लाजू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता हौस खरीच असेल, तर चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, मोटार विकत घेऊ नका. आधी भाड्याने घ्या. फंडाचे पैसे चाकांना लावले की ते उतारावरच धावतात. दुसरी, वाहन-परवाना काढून पाहा. पंचावन्न वर्षे उलटली की त्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचेच होते, आणि डोळे तपासून घेणे त्याहून निकडीचे. तिसरी, दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर पुरे. ऊन कलले की चाके थांबलीच पाहिजेत. चौथी, पहिलीच सफर कन्याकुमारीची नको. आमच्याकडचे असाल तर पौषाच्या थंडीत बहिरम, तेथून मुक्तागिरीची बावन्न जैन मंदिरे, मग चिखलदरा. तीन मुक्कामांत कळते की दीडशे चौरस फुटांत दोघांचे जमते का. चाळीस वर्षे जमले म्हणता. पण तेव्हा दिवसाचे आठ तास कचेरी मध्ये होती, हे विसरू नका.

आणि मुक्काम कोठे करायचा? सरकारी जागा मिळतील तेथे मिळतील. पण मराठी माणसाला खरी सोय नातेवाइकांच्या अंगणात आहे. विजेची तार त्यांच्या घरातून घ्यावी, जेवण त्यांच्याकडे करावे आणि निजायला आपल्या मोटारीत यावे. यजमानीणबाईंना गाद्या काढाव्या लागत नाहीत आणि पाहुण्यांना त्यांच्या घरातली भांडणे ऐकावी लागत नाहीत. अशाने जिव्हाळा टिकतो.

एक मात्र पाळावे. सुखरूप परत आलात, की जुन्या रिवाजाप्रमाणे मावंदे घालावे. आळी बोलवावी, रोडग्यांचा बेत करावा. आणि दोघे प्रवास करून आली आहेत, तेव्हा त्या दिवशी बाईंना सर्वांच्या आधी, पहिल्या पंगतीला बसवावे. पाने मास्तरांनी वाढावीत.