गाठीतले जीवाणू आणि पेशीचा जन्म

केंद्रक, तंतुकणिका, हरितलवके असा सगळा पसारा असलेली पेशी साध्या जीवाणूपासून आपोआप घडेलच कशी? अर्धीमुर्धी पेशी जगेल तरी कशी? उत्क्रांतीच्या विरोधकांचा हा आवडता आक्षेप. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक चूक आहे. पेशीचा प्रत्येक भाग एकाच वंशात, अगदी शून्यापासून घडला असे त्यात धरून चालतात.

तंतुकणिकेचेच पाहा. तिचा डीएनए वेगळा, जीवाणूसारखा वर्तुळाकार. माणसात त्यावर 37 जनुके. ती दुभागूनच वाढते, पेशीला ती नव्याने बनवता येत नाही. पेशीने स्वतः घडवलेल्या भागाला वेगळा डीएनए कशाला लागला असता? तंतुकणिका आणि हरितलवके हे एकेकाळचे स्वतंत्र जीवाणू, असे लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये ठामपणे मांडले. त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी आधी परत केला होता. पेशीच्या शेपट्याही जीवाणूंपासूनच आल्या, हे त्यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. तंतुकणिका आणि हरितलवकांबद्दलचे मात्र पुराव्यांवर टिकले.

‘घडताना कोणी पाहिलेय?’ हा पुढचा सवाल. त्यासाठी प्रयोगशाळा नको. ऑगस्टमध्ये चिखली-मेहकरकडच्या शेतात सोयाबीनचे झाड मुळासकट उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी गर दिसला की गाठ कामाला लागली आहे असे समजा. त्या गराच्या पेशींत जीवाणू राहतात, झाडानेच दिलेल्या पातळ पटलात. ते हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना अन्न पुरवते. एका जिवाच्या पेशीत दुसरा जीव, दोघेही धडधाकट! ही सोबत बियाण्यातून पुढच्या पिढीत जात नाही, म्हणून तर पेरणीआधी याच जीवाणूंचे, म्हणजे रायझोबियमचे, पाकीट आणून बीजप्रक्रिया करायची. एका सागरी शैवालाने हा टप्पाही ओलांडला आहे. त्यातला नत्र बांधणारा पाहुणा यजमान पेशीबरोबरच विभागतो, तिची प्रथिने वापरतो. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला पेशीचे अंगकच ठरवले. मग मधल्या पायऱ्या नाहीत, हे कशावरून?

आपल्या बाजूची अतिशयोक्तीही खोडायला हवी. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले ते आर्किया नावाच्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितले. तंतुकणिकेच्या पूर्वजाला आत घेणारी पेशीही आर्कियाच होती, त्यावरून लोणारच्या या आर्कियांना कोणी आपले पूर्वज म्हणेल, तर ते खरे नाही. तो यजमान आर्किया अस्गार्ड नावाच्या शाखेच्या जवळचा. लोणारचे आर्किया त्याचे दूरचे भाऊबंद. सरोवराच्या पाण्याला हिरवा रंग देणारे सायनोजीवाणू मात्र हरितलवकाच्याच घराण्यातले. लोणारला येणाऱ्या सहलींना उल्केच्या आघाताबरोबर या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीही दाखवला पाहिजे.