संगणक विभागाचाही रोजमेळ हवा



बँकेत टोकन घेऊन पैसे काढलेले आपल्यात बरेच जण आहेत. एका चेकमागे तीन माणसे असत. लेजरवाला शिल्लक बघे, साहेब सही तपासून पास करी आणि मगच कॅशियर नोटा मोजे. वेळ जाई, आपण कुरकुरतही असू. पण सगळा कारभार एकाच्या हाती नव्हता.

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत हीच साखळी तुटली. चोरांनी तिच्या यंत्रणेत खोटा प्रोग्रॅम घुसवला होता. एटीएममधून आलेली मागणी मुख्य संगणकाकडे जाण्याआधीच तो परस्पर ‘पैसे द्या’ असे सांगे. म्हणजे लेजर न बघताच कॅशियरने नोटा मोजल्या! बनावट कार्डे वापरून २८ देशांतून पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेची ही गत, तर लहान संस्थांनी किती जपावे?

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढले. यंत्रांची नोंदवही ठेवा, कोणाला कोणता अधिकार ते ठरवा, बॅकअप घ्या, असे त्यात आहे. ही काही अगाध विद्या नव्हे; ही कारकुनाची रोजची शिस्त आहे.

कामठीत विड्या वळून, रोजीने जाऊन साठवलेला पैसा आता संगणकातच असतो. म्हणून आपल्या पतसंस्थेच्या आमसभेत चार प्रश्न जरूर विचारा. नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद होतो का? रक्कम भरणारा आणि मंजूर करणारा वेगवेगळा आहे का? बॅकअप दुसऱ्या इमारतीत असतो का, आणि तो उघडून कधी पाहिला का? रोजचा मेळ संध्याकाळी कोण बघतो?

आपली मुले-मुली आज संगणक विभागात नोकरीला लागत आहेत. त्यांनाही हेच सांगा. महागडे यंत्र नंतर घेता येईल; आधी किल्ली, नोंद आणि मेळ सांभाळा.