शाफ्टचा ‘खट्’ आवाज

पिकअप चालवून संसार ओढणाऱ्या आमच्या बांधवांना हा आवाज चांगलाच परिचित असेल. गाडी थांबते, पुन्हा क्लच सोडताच खालून ‘खट्’ असा आवाज येतो. अशा वेळी लगेच गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये, असे आम्ही सुचवितो.

गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट जातो. खड्ड्यात एक्सल वरखाली झाला की हे अंतर कमीजास्त होते. ते सांभाळण्यासाठी स्लिप जॉइंट असतो. त्याचे दातेरी भाग एकमेकांत सरकतात. तिथले ग्रीस सुकले की दाते अडकतात आणि जोर येताच झटक्याने सुटतात.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावा. शाफ्ट काढल्यावर गिअर गाडीला धरून ठेवत नाही, हे विसरू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. क्रॉस आणि सेंटर बेअरिंगही हलवून पाहा. तेही आवाज करतात.

जॉइंटला निप्पल असेल तर ग्रीस गनने ग्रीस भरावे. नसेल तर उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खूण करावी. जोडताना खूण चुकली तर चालत्या गाडीत शाफ्ट थरथरतो. दाते स्वच्छ पुसून नवे ग्रीस लावावे. मात्र दाते झिजून ढिले झाले असतील तर ग्रीसने भागत नाही. तो भाग बदलावाच लागतो.

मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी मेस्त्रीला शाफ्ट हाताने हलवून दाखवायला सांगा. ते विचारण्यात संकोच कसला?