नाव स्टेजचं, नाव घरचं

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींनी पेशावरी फळव्यापाऱ्याच्या मुलाला, युसूफ खानला, दिलीप कुमार हे नाव दिलं. त्या नावानं तो १९४४ साली ‘ज्वार भाटा’त पडद्यावर आला. मुस्लिम घरांत ही गोष्ट बहुतेकदा खंतावून सांगितली जाते: बघा, आपल्या पोराला हिंदू नाव घ्यावं लागलं. पण दिलीप कुमारांनी स्वतः नंतर एका मुलाखतीत सांगितलेलं कारण फार घरगुती होतं. वडिलांना सिनेमा आवडत नव्हता आणि त्यांच्या माराची भीती होती. ते नाव आधी अब्बांपासून लपण्यासाठी होतं.

कलाकाराला घरापासून लपायला नाव लागतं, ही गोष्ट आज मला ड्रॅग किंगच्या संदर्भात महत्त्वाची वाटते. बाईचा वेश घेऊन कार्यक्रम करणारी ड्रॅग क्वीन आता मुंबईला माहीत झाली आहे. अंधेरी पूर्वेच्या ललित हॉटेलातल्या किटी सू क्लबनं अशा कार्यक्रमांना जागा दिली. ड्रॅग किंग म्हणजे याच्या उलट: मिशी रंगवून, छाती आवळून बांधून, चाल बदलून पुरुष साकारणारी व्यक्ती. ती बहुतेकदा बाई असते, कधी स्वतःला बाई किंवा पुरुष यांपैकी कशातच न मोजणारी असते. यात अगदीच नवं काही नाही. मराठीत पुरुष स्त्रीपार्ट करत होते तसंच स्त्रियांच्या नाटक मंडळ्यांत बायका राजे आणि नायकही होत होत्या.

मुंबईतले शिल्पकार दुर्गा गावडे यांनी ड्रॅग किंग म्हणून ‘शक्ती’ हे नाव घेतलं. मला ही निवड फार आवडते. शक्ती ही देवी आहे आणि शक्ती कपूरही आहे. एकाच शब्दात बाई आणि पुरुष दोन्ही मावतात, शिवाय दुर्गा या नावाशी नातंही तुटत नाही.

आता समजा, जोगेश्वरीच्या एखाद्या मुस्लिम घरातल्या मुलीला असंच नाव शोधायचं आहे. तिच्यासमोर दोन तयार नावं येतील. पहिलं राज किंवा रोहन. त्यावरून घर कळत नाही, धर्म कळत नाही, कोणी काही विचारत नाही. दुसरं सुलतान, नवाब किंवा नुसतं भाई. डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, तोंडात पान आणि खिशात पिस्तूल. टाळ्या हमखास.

पहिल्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या शहरात आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जातं, तिथं कोणी राज झालं तर त्यात तिचा दोष नाही. दुसऱ्या नावाबद्दल मात्र आहे. ड्रॅग किंग पुरुषीपणाची नक्कल करते, म्हणजे कोणता पुरुष निवडला हे तिचं म्हणणं असतं. हिंदी सिनेमानं आपल्या बापभावांना इतक्या वेळा गुंड आणि अय्याश नवाब करून दाखवलं आहे, की तेच पुन्हा मिशी लावून दाखवण्यात धाडस कसलं? आपल्या घरांतले पुरुष बेकरीत रात्रपाळी करतात, रिक्षा चालवतात, बहिणीच्या लग्नाच्या कर्जात बुडतात, रडायचं असलं तर मोरीत जाऊन रडतात. त्यांच्यातला एखादा स्टेजवर आला तर हसणाऱ्यांना थोडं गप्पही व्हावं लागेल. नाव त्याचं घ्यावं.

असं नाव शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. उर्दू शायरीत तखल्लुस आहे. दौलताबादला १६३८ साली जन्मलेल्या जेबुन्निसाच्या नावावर जो फारसी दिवान सांगितला जातो, त्यातलं तखल्लुस आहे ‘मख्फी’, म्हणजे लपलेली. विजापूरच्या दरबारातला हाशमी पुरुष असून बाईच्या बोलीत लिहीत होता आणि दखनी साहित्यात त्याला मानाचं स्थान आहे.

स्टेजच्या नावाची उदाहरणंही घरचीच आहेत. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले. त्यांनी ‘अमर’ घेतलं आणि ‘शेख’ही ठेवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये लोकांनी तेच नाव ऐकलं, आणि पुढे कवयित्री असलेल्या मुलीनं, मलिका अमर शेख यांनी, ते आपल्या नावात घेतलं. बेस्टचे कंडक्टर बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्तनं जॉनी वॉकर केलं. काझीच्या पोराला दारूचं नाव मिळालं आणि त्याच्या विनोदावर आपल्या आजोबांची पिढी पोट धरून हसली. मग मुलीनं मिशी लावून एखादं नाव घेतलं की एवढा गहजब का?

उत्तर मला माहीत आहे. पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांवर आणि स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांवर लानत असल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. ती मी लपवणार नाही, आणि तिचा फतवा काढायला मी आलिमही नाही. ज्यांना हा खेळ हराम वाटतो त्यांनी तो पाहू नये, विरोधात बोलावं, लिहावं. पण सूरह हुजुरातही कुरआनातच आहे. तिच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टिंगल करण्याला आणि वाईट नावांनी हाका मारण्याला मनाई आहे. बाराव्यात दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुंगत फिरण्याला, तजस्सुसला, मनाई आहे. पोस्टरवरच्या चेहऱ्यावरून मुलगी ओळखायची, तिचं खरं नाव, गल्ली, बापाचं दुकान शोधायचं आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं, हा तजस्सुस नाही तर काय आहे? दीनची काळजी म्हणून हे खपवता येणार नाही.

बातमीदारांनाही हेच सांगणं आहे. कलाकारानं स्वतः दिलं नसेल तर कंसात ‘मूळ नाव’ छापू नका. त्या कंसामुळे कोणाचं कॉलेज सुटू शकतं, कोणाचा घाईघाईनं निकाह लागू शकतो.

नाव शोधणाऱ्या मुलीला माझा सल्ला थोडा आहे. घरात हाक मारतात ते नाव स्टेजवर नेऊ नकोस, त्यावरून पहिला शोध लागतो. अब्बांचं किंवा गावाचं नाव त्यांच्या संमतीशिवाय वापरू नकोस. नबी, सहाबा आणि इमामांची नावं बाजूला ठेव. त्यांच्यावर मिशी चिकटवून कोणाला दुखवण्यात तुझं काही सांगून होत नाही. उरलेली सगळी भाषा तुझी आहे: उर्दू, दखनी, कोकणी, मराठी. ‘मामू’, ‘उस्ताद’, ‘मास्टर’ या शब्दांत आपले कितीतरी पुरुष अजून कोणी साकारायची वाट बघत आहेत.

आणि ते नाव ऐकल्यावर खरं नाव काय, हा प्रश्न आपण विचारू नये. ते सांगायचं की नाही, कधी आणि कोणाला, हे तिनं ठरवायचं आहे. युसूफ खानला ती मुभा मिळाली होती.